चारशे पाच धावांचा अंतिम सामना

एप्रिल २०२४ मध्ये बंगळूरच्या मैदानावर हैदराबाद आणि बंगळूर या आयपीएल संघांनी एका संध्याकाळी, चाळीस षटकांत ५४९ धावा काढल्या. धावांची अशी सुबत्ता झाली की तिचे मोल उतरणे क्रमप्राप्तच. विपुलतेने मूल्य घटते हा नियम केवळ कपाशीच्या बाजारालाच लागू आहे असे नाही.

याच्या नेमके उलट टोक पाहावयाचे तर १९७२-७३ च्या रणजी करंडक अंतिम सामन्याकडे वळावे लागते. मुंबई आणि तामिळनाडू यांच्यातील हा सामना मद्रासच्या चेपॉक मैदानावर झाला. वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार हे दोन निष्णात फिरकी गोलंदाज यजमानांकडे असल्याने खेळपट्टी त्यांना मानवेल अशीच होती. मुंबईने १५१ आणि ११३, तर तामिळनाडूने ८० आणि ६१ धावा केल्या. चाळीस गडी, ४०५ धावा. म्हणजे गड्यामागे जेमतेम दहा! तिसऱ्या दिवशीच्या पहिल्याच चेंडूवर खेळ आटोपला आणि मुंबई १२३ धावांनी जिंकली. अजित वाडेकर यांच्या संघाचे ते सलग पंधरावे अजिंक्यपद होते.

यजमानांसाठी सिद्ध झालेल्या खेळपट्टीचा खरा लाभ पाहुण्यांच्या पद्माकर शिवलकर यांनी उठविला. पहिल्या डावात १६ धावांत आठ आणि दुसऱ्यात १८ धावांत पाच बळी. दुसऱ्या डावातील उरलेले पाच गडी एकनाथ सोलकर यांनी टिपले. अशा सामन्यात प्रत्येक धाव कष्टाने मिळवावी लागते, एकेका चुकीची किंमत मोजावी लागते. प्रेक्षकाला चौकार न दिसताही श्वास रोखून बसावे लागते. वरवट बकालच्या परिसरात कपाशी निघाल्यावर भेगाळलेल्या काळ्या रानात डाव मांडणाऱ्या मुलांना हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. तेथे चेंडू कोठे वळेल याचा नेम नसतो आणि पंचवीस-तीस धावाही जिंकण्यास पुरतात.

परंतु चौतीस धावांत तेरा बळी घेणाऱ्या या डावखुऱ्या गोलंदाजाला कसोटी संघात एकदाही स्थान मिळाले नाही. गुणवत्तेचा अभाव हे त्याचे कारण नव्हते. त्याच शैलीचे बिशनसिंग बेदी १९६६ पासून १९७९ पर्यंत संघात होते आणि जागा एकच होती. हरियाणाच्या राजिंदर गोयल यांचीही तीच गत झाली. बेदींची निवड चूक होती असे कोणी म्हणणार नाही. मात्र निवड समितीचा निर्णय बरोबर असूनही एखाद्यावर अन्याय होऊ शकतो, हे मान्य करावयास हवे. शिवाय त्या काळी रणजीपटूचा चरितार्थ खेळावर नव्हे, तर बँकेतील वा कंपनीतील नोकरीवर चाले. आज कसोटी टोपी न मिळालेल्या गोलंदाजालाही आयपीएलचा लिलाव खुला आहे. शिवलकरांच्या पिढीला असा दुसरा बाजारच नव्हता.

सुनील गावसकर यांनी ‘आयडॉल्स’ या पुस्तकात या दोघांनाही स्थान दिले. क्रिकेट मंडळाचा सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दोघांना मिळाला तो २०१७ मध्ये, शिवलकर शहात्तर वर्षांचे असताना. मार्च २०२५ मध्ये ते निवर्तले. प्रथम श्रेणीत त्यांनी ५८९ बळी घेतले होते, आणि १९८७-८८ च्या हंगामात, सत्तेचाळिसाव्या वर्षी, मुंबईसाठी ते पुन्हा चेंडू हाती घेऊन उभे राहिले होते.