एकेक ताका नव्हे, गाठ उचला

व्यापारी बांधवांनो, दुकानात कॉम्प्युटर आला की कामे आपोआप लवकर होतात, हा गैरसमज आहे. पेडगाव येथील आमच्या कापड दुकानाचे प्रत्येक बिल लिनक्सवर एका वेगळ्या फायलीत असते. वर्षे गेली तशा त्या फायली हजारोंनी झाल्या. एका गिऱ्हाइकाचे नाव सर्व बिलांत शोधायचे, तर आमच्या शेल स्क्रिप्टला फार वेळ लागू लागला.

कारण साधे निघाले. 'फाइंड' फायली हुडकतो आणि त्याला जोडलेला 'एक्झेक' प्रत्येक फायलीसाठी 'ग्रेप' हा शोधणारा प्रोग्राम नव्याने सुरू करतो. हमालाने गोदामातून एका खेपेस एकच ताका आणावा, तसे हे झाले. वेळ ताक्यात नव्हे, खेपांत जातो. 'एक्झेक'च्या शेवटी अर्धविराम (;) असला की असे घडते. त्याजागी अधिक चिन्ह (+) लिहिले की फायलींची गाठ बांधून ती एकाच खेपेत दिली जाते.

गाठीलाही मर्यादा आहे. लिनक्समध्ये एका हुकुमासोबत साधारण २० लाख बाइट जातात. मराठी अक्षर ३ बाइट घेते, उर्दू २. यादी त्याहून लांब झाली की हुकूम नाकारला जातो. अधिक चिन्ह किंवा 'एक्सआर्ग्ज' वापरल्यास मर्यादेत बसतील अशा गाठी आपोआप पडतात.

मात्र 'एक्सआर्ग्ज'ने आम्हाला एकदा चांगलाच धडा दिला. 'उधारी जुनी' नावाची फाईल पुसायची होती. मधल्या मोकळ्या जागेमुळे त्याने एका नावाची दोन नावे केली आणि 'उधारी' ही चालू खात्याची फाईल पुसली गेली. कागदी वही होती म्हणून येणे बुडाले नाही. यावर उपाय असा : 'फाइंड'ला 'प्रिंट-शून्य' आणि 'एक्सआर्ग्ज'ला 'शून्य' ही खूण द्यावी. मग नावे मोकळ्या जागेवर तुटत नाहीत. अधिक चिन्हाच्या पद्धतीत हा धोका मुळातच नाही.

कापडाच्या नमुन्यांचे फोटो लहान करण्यासारखे जड काम असेल, तर 'एक्सआर्ग्ज'ला 'पी' ही खूण व ४ हा आकडा द्यावा. एका गाठीत किती फायली, हे 'एन'ने ठरवावे. मग चार कारागीर एकाच वेळी कामाला लागतात. मशीनला तेवढे कोअर मात्र हवेत.

शेवटी आमचा तजुर्बा सांगतो. पुसण्याच्या हुकुमाआधी 'इको' लावून नावांची यादी डोळ्यांखालून घालावी आणि फायलींची एक प्रत वेगळी ठेवावी. खेपा वाचवताना माल हरवू नये.