कान तयार करणारा अभ्यास

अमेरिकेत वाक्-भाषा उपचारतज्ज्ञ, म्हणजे रूढ भाषेत स्पीच थेरपिस्ट, म्हणून पूर्ण मान्यतेने काम करायचे तर पदव्युत्तर पदवी लागते, आणि तिच्या वर्गात बसण्याआधी पदवीच्या पातळीवरचे काही ठरावीक विषय झालेले असावे लागतात. ज्यांनी संवादविकारशास्त्रातच पदवी घेतली आहे त्यांचे हे विषय ओघानेच होतात. मानसशास्त्र, भाषाविज्ञान किंवा साहित्य शिकून या क्षेत्राकडे वळणाऱ्यांना मात्र ते वेगळे भरून काढावे लागतात. अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन या व्यावसायिक संस्थेच्या 2020 पासून लागू झालेल्या निकषांत जीवशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र, संख्याशास्त्र आणि एखादे सामाजिक वा वर्तनशास्त्र यांची अट आहे. पण हे विषय कोणत्याही महाविद्यालयात होतात आणि त्यांविषयी विशेष सांगण्यासारखे काही नाही. विद्यार्थ्याची खरी घडण होते ती स्वनविज्ञान, वाणी व श्रवणाच्या अवयवांची रचना, भाषासंपादन आणि श्रवणशास्त्राची ओळख या विषयांत, आणि त्यांतही स्वनविज्ञानात.

स्वनविज्ञानाच्या या अभ्यासक्रमाचा गाभा म्हणजे स्वनलेखन, अर्थात कानावर पडलेला उच्चार आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत, जिच्यात एका ध्वनीला एकच चिन्ह असते, जसाच्या तसा उतरवणे. हेडफोन लावून एकच ध्वनिमुद्रण पुनःपुन्हा ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला आरंभी सर्वांत जास्त नडते ते त्याचे शुद्धलेखन. कारण इंग्रजी ‘थॉट’ लिहायला अक्षरे सात लागतात पण त्यात ध्वनी तीनच असतात, तर ‘बॉक्स’मध्ये अक्षरे तीन आणि ध्वनी चार. ‘पिन’ आणि ‘स्पिन’ या शब्दांतला ‘प’ अमेरिकन विद्यार्थ्याला एकच वाटतो, कारण पहिल्यासोबत बाहेर पडणाऱ्या श्वासाच्या झोताने इंग्रजीत अर्थ बदलत नाही. मराठी कानाला तो झोत चटकन जाणवतो, कारण ‘पळ’ आणि ‘फळ’ यांतला भेद मुळात महाप्राणत्वाचाच, म्हणजे अशाच झोताचा, आहे. मात्र ‘वाइन’ आणि ‘व्हाइन’ या इंग्रजी शब्दांच्या आरंभीचे दोन ध्वनी वेगळे ओळखताना तोच मराठी कान अडखळतो, आणि दुसरी भाषा बोलताना पहिल्या भाषेच्या वळणामुळे येणारी अशी लकब हा विकार नव्हे, हेही याच वर्गात शिकवले जाते.

या कसरतीचे प्रयोजन मुलांचे उच्चार लिहायला घेतले की उलगडते. एखादे मूल ‘की’ला ‘टी’ म्हणते एवढीच नोंद अपुरी असते. तेच मूल ‘गो’ला ‘डो’ म्हणत असेल, तर जिभेच्या मागच्या भागाने उच्चारायचे ध्वनी ते सरसकट पुढे आणत आहे असा नियम हाती लागतो. मराठी घरातले ‘काका’चे ‘ताता’ याच जातीचे. लहान वयात हे स्वाभाविकच असते, पण वय वाढूनही ते टिकले तर एकेक ध्वनी घोटून घ्यायचा की मुळातला नियमच मोडायचा, हा उपचाराचा निर्णय त्या नोंदीवर अवलंबून असतो, आणि नोंद चुकीची असेल तर पुढचे सगळे मुसळ केरात.

अवयवरचनेचा विषय पाठांतराचा म्हणून बदनाम आहे, आणि स्वरयंत्राचे स्नायू व कूर्चा यांची यादी पाहता ते अगदीच खोटे नाही. तरीही स्वरतंतूंना हलवणारी डावी चेता मेंदूकडून निघून थेट स्वरयंत्रात न जाता छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा वर येते, हे आकृतीवर बोट फिरवत एकदा समजले, की छातीतल्या आजाराने आवाज का बसू शकतो हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

याच टप्प्यावर प्रत्यक्ष निरीक्षणाचे तासही बहुधा सुरू होतात. व्यावसायिक प्रमाणपत्रासाठी लागणाऱ्या 400 तासांपैकी 25 तास मार्गदर्शनाखालील निरीक्षणाचे असतात आणि अनेक विद्यापीठे ते प्रवेशाआधीच पूर्ण करून मागतात. एकतर्फी काचेमागे बसून लिहिलेल्या टिपणात ‘मूल लाजले’ हे वाक्य चालत नाही; ‘प्रश्नानंतर मुलाने मान खाली घातली आणि उत्तर दिले नाही’ असे लिहावे लागते, कारण ते लाजले, की त्याला ऐकूच आले नाही, की प्रश्न समजला नाही, हे अजून ठरायचे असते.

भारतात हीच विद्या पदवीपासून सलग शिकवली जाते. वाणी आणि श्रवण यांचा एकत्रित, चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेसारख्या ठिकाणी चालतो आणि तो पूर्ण करणाऱ्याला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करून व्यवसाय करता येतो. दुसऱ्या विषयातली पदवी घेऊन अमेरिकेत या वाटेला लागणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने आपण निवडलेल्या विद्यापीठाची पूर्वविषयांची यादी आधी तपासावी, कारण ती विद्यापीठागणिक बदलते. संख्याशास्त्र उन्हाळी सत्रात उरकले तरी चालेल, पण स्वनलेखनाला पूर्ण सत्र द्यावे.