पहिल्या घासाची तयारी

सहा महिन्यांनंतर बाळाला केवळ आईचे दूध पुरत नाही. जन्मतः शरीरात साठलेले लोहही संपत आलेले असते. बंगालमधील अन्नप्राशनाचा मुहूर्त साधारण याच सुमारास येतो. मात्र बाळ मान सावरते की नाही, हे मुहूर्ताआधी पाहावे.

खरी अडचण पुढेच असते. पिठाची पेज शिजताना घट्ट होते, म्हणून तीत पाणी वाढवले जाते. इवले पोट भरते, पोषण मात्र तोकडे राहते. कर्नाटकात यावर जुना उपाय आहे : नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, बेताने भाजून दळावयाची. मोडांतील विकर पिष्टाचे विघटन करते. त्यामुळे पीठ अधिक घालूनही पेज पातळच राहते. नाचणी फार भाजल्यास मात्र विकर नष्ट होते आणि सारा खटाटोप वाया जातो. आरंभी दोन-तीन चमचे पुरेत. स्तनपान चालूच ठेवावे.