सह्यांचा अर्ज कसा असावा?

आपल्या सीमाभागात अर्ज करणे कोणास नवे नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून बेळगाव, निपाणी, खानापूरच्या लोकांनी किती कागदांवर सह्या केल्या असतील, त्याची गणती नाही. परंतु सह्या पुष्कळ झाल्या म्हणजे अर्ज सबळ झाला, ही समजूत बरोबर नव्हे.

स्वित्झर्लंडमध्ये अठरा महिन्यांत १ लाख मतदारांच्या सह्या जमविल्यास राज्यघटनेच्या दुरुस्तीवर लोकांचे मतदान मागता येते. आपल्याकडे तशी सोय नाही. गोव्यात १६ जानेवारी १९६७ रोजी विलीनीकरणावर मतकौल झाला, तोही संसदेच्या कायद्याने. आपल्या हाती आहे तो विनंतीचा अधिकार. म्हणूनच त्याचे नियम जाणून घ्यावेत.

लोकसभेकडे याचिका करावयाची तर भाषा आदबशीर व संयमी हवी. मजकूर मराठीत असल्यास हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर सहीनिशी जोडावे. प्रत्येकाचे पूर्ण नाव, पत्ता व सही हवी. निरक्षराचा अंगठा चालतो. मूळ मजकुराच्या कागदावर निदान एकाची सही असावी. सह्या पुढील पानांवर गेल्यास प्रत्येक पानाच्या माथ्यावर मागणी पुन्हा लिहावी लागते. यामागील हेतू उघड आहे : कोऱ्या कागदावरील सही कोणत्याही मजकुरास जोडता येते. शिवाय न्यायालयाच्या कक्षेतील विषय याचिकेत चालत नाही. सीमाप्रश्न तर २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयात आहे. राज्य विधिमंडळात मांडण्याजोगे विषयही तेथे सहसा घेत नाहीत.

मग शाळेच्या, रस्त्याच्या, पाण्याच्या तक्रारी कोठे न्याव्यात? त्या स्थानिक कचेरीत. येथे घटनेचे ३५० वे कलम उपयोगी पडते. गाऱ्हाण्याचे निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क त्याने प्रत्येकास दिला आहे. घरी दक्खिनी बोलून मराठी शाळेत शिकलेल्या आमच्यासारख्यांस याचे मोल विशेष वाटते. उत्तर त्याच भाषेत मिळेल, असे मात्र ते कलम म्हणत नाही; सबब सोबत कन्नड भाषांतर दिल्यास काम सुकर होते. अर्जाची एक प्रत पोचेच्या शिक्क्यासह आपल्याजवळ ठेवावी.

आणि सभासद बंधुभगिनींनो, घरातील वडीलधाऱ्यांचा अंगठा घेण्यापूर्वी मजकूर त्यांना सावकाश वाचून दाखवा. अंगठा त्यांचा, तेव्हा मागणीही त्यांना ठाऊक असलीच पाहिजे.