ट्रेडिंगसाठी 'माइंडसेट कोच' लावावा का?

नेप्तीच्या बाजारात कांद्याचा भाव पडला की आपण म्हणतो, "अजून थोडं थांबू." तोवर चाळीत कांदा सडतो. स्क्रीनसमोरचा ट्रेडर हेच करतो: तोट्यातला शेअर कवटाळायचा, नफ्यातला घाईने फुंकायचा. शेफ्रिन आणि स्टॅटमन यांनी 1985 मध्ये याला 'डिस्पोझिशन इफेक्ट' म्हटलं. 1998 मध्ये टेरन्स ओडीन यांना 10,000 खात्यांच्या नोंदींत हीच खोड सापडली. म्हणजे मनाचा भाग थोतांड नाही.

मग कोच? अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ आरी कीव्ह एसएसी कॅपिटल या हेज फंडातल्या ट्रेडरांना शिकवायचे. पण त्या मंडळींचा धंद्यात जम आधीच बसलेला होता. आपलं गणित वेगळं. सेबीच्या 2024 च्या अभ्यासानुसार आर्थिक वर्ष 2022 ते 2024 या काळात फ्युचर्स आणि ऑप्शन्समधले (एफ अँड ओ) 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले, सरासरी तोटा सुमारे 2 लाख रुपये. त्यात ब्रोकरेज आणि करही आले. ते काही ध्यान लावून कमी होत नाहीत!

माझं म्हणाल तर आधी वही सुरू करा. सौदा का घेतला, का सोडला, रोज लिहा. पद्धत चालतेय पण तुम्हीच दरवेळी स्टॉपलॉस खाली सरकवताय, असं वहीत दिसलं तर कोचचा उपयोग. पद्धतच नसेल तर फी बुडाली समजा.

आणि झोप उडाली असेल, घरच्यांपासून कर्ज लपवत असाल, तर कोचकडे जाऊच नका. टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फिरवा. मोफत आहे, मराठीत बोलतात.