तनाका-निवेदन : एका गाजलेल्या गुप्त कागदाची चिकित्सा

अस्सल कागद कोणता व बनावट कोणता, हें ठरवितांना दप्तरांच्या अभ्यासकांस जे प्रश्न विचारावे लागतात, तेच चीन-जपान संघर्षांतील एका कागदास विचारून पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे. जपानचे मुख्य प्रधान बॅरन तनाका गिइचि यांनीं ता. २५ जुलै १९२७ रोजीं सम्राट हिरोहितो यांस सादर केलें म्हणून सांगितलें जाणारें गुप्त निवेदन तो हा कागद. मांचुरिया व मंगोलिया घेतल्यावांचून चीन, आणि चीन घेतल्यावांचून जग हातीं येणार नाहीं, असा त्याचा मथितार्थ.

डिसेंबर १९२९ मध्यें नानकिंगच्या एका मासिकांत तो चिनी भाषेंत छापला गेला. तनाका त्यापूर्वींच, २९ सप्टेंबर रोजीं, वारले होते; इन्कार करावयास कर्ता उरला नव्हता. जपानी मूळ प्रत कधींच पुढें आली नाहीं. १९४५ च्या पराभवानंतर जपानचीं दप्तरें खुलीं झालीं, त्यांतहि ती मिळाली नाहीं.

आतां अंतर्गत पुरावा. वॉशिंग्टन येथील नवराष्ट्र-तह ता. ६ फेब्रुवारी १९२२ रोजीं झाला. त्यानंतर सम्राटांनीं यामागाता आरितोमो यांच्याशीं मसलत केली, असें निवेदन म्हणतें. परंतु यामागाता १ फेब्रुवारीसच निवर्तले होते! मेलेल्याची साक्ष घातलेले महजर आपल्या संग्राहकांस नवे नाहींत. पुढें, यूरोप-अमेरिकेहून परततांना शांघाय येथें एका चिनी मनुष्यानें आपणांवर हल्ला केला, असें तनाकांच्या तोंडीं घातलें आहे. वस्तुतः १९२२ सालीं ते फिलिपाइन्सहून परतत होते व हल्लेखोर कोरियन होते. नकलकाराच्या हातून एखादें नांव चुकेल. पण स्वतःवरील प्रसंग कर्ता असा विसरेल, हें संभवत नाहीं.

कागद बाहेर कसा आला, याच्याहि दोन हकीकती आहेत. जून १९२८ त टोकियोच्या राजवाड्यांतील ग्रंथालयांत पुस्तकें दुरुस्त करणाऱ्याच्या मिषानें शिरून दोन रात्रींत आपण तो उतरून घेतला, असें तैवानांत जन्मलेले व्यापारी त्साइ चिकान यांनीं १९५० नंतर सांगितलें. उलट ट्रॉट्स्की यांच्या लेखाप्रमाणें रशियन हेरांनीं तो १९२५ सालींच मिळविला होता. तनाका मुख्य प्रधान झाले एप्रिल १९२७ मध्यें! तेव्हां दोहोंपैकीं एक हकीकत तरी टाकावीच लागते. आम्ही दोन्ही टाकतों.

मात्र रचणारा अनभिज्ञ नव्हता. २७ जून ते ७ जुलै १९२७ या काळांत तनाकांनीं टोकियोंत पूर्व-परिषद खरोखरच भरविली होती, व तिच्या अखेरीस चीनविषयक आठ कलमी धोरण जाहीर झालें. खऱ्या घटनेच्या चौकटींतच खोटा मजकूर बसविला गेला. १८ सप्टेंबर १९३१ नंतर मांचुरियांत जें घडलें, त्यानें तर तो खराच वाटूं लागला. १९३२ सालीं राष्ट्रसंघांत मात्सुओका यांनीं पुरावा मागितला, तेव्हां मांचुरियाची स्थिति हाच पुरावा, अशा आशयाचें उत्तर वेलिंग्टन कू यांनीं दिलें. वकिलास तें शोभतें, संशोधकास नाहीं. जपानचें आक्रमण सिद्ध करण्यास या कागदाची गरज नाहीं, आणि त्या आक्रमणानें कागद अस्सल ठरत नाहीं.

शांघायच्या एका साप्ताहिकानें २४ सप्टेंबर १९३१ रोजीं, म्हणजे मुकडेनच्या घटनेनंतर सहाच दिवसांनीं, त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. पुढें त्याच्या पुस्तिका निघाल्या. अशी पुस्तिका कोणाच्या संग्रहीं आली, तर तिची नोंद राजपत्रांत न करितां युद्धकालीन प्रचारसाहित्यांत करावी.