छाती आवळून बांधणे : शरीरशास्त्र, धोके आणि दक्षता

वार्षिक अहवालात एखाद्या दुर्लक्षित आरोग्यप्रश्नाची सोप्या शब्दांत माहिती द्यावी, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे. विषय काहीसा संकोचाचा आहे; परंतु संकोचामुळेच रुग्ण उशिरा येतात आणि साधे दुखणे गंभीर होऊन बसते. म्हणून तो स्पष्टपणे मांडणे हितावह ठरेल.

जन्मतः स्त्री म्हणून नोंद झालेल्या, परंतु स्वतःला पुरुष मानणाऱ्या व्यक्तीस पारलिंगी पुरुष म्हणतात. ‘तृतीयपंथी’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बहुधा साडी नेसलेली व्यक्ती येते. पारलिंगी पुरुष समाजाच्या नजरेस सहसा पडत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी दिलेल्या निकालाने आपली लिंगओळख स्वतः ठरविण्याचा व्यक्तीचा हक्क मान्य केला, आणि २०१९ साली संसदेने पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांचे संरक्षण करणारा कायदा केला. तथापि न्यायालयाचा निकाल आणि रोजचे जगणे यांत अंतर असते. उरोभागाचा उभार दिसू नये म्हणून यांपैकी अनेकजण छाती घट्ट बांधतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात शिवरायांची भूमिका करणाऱ्या मुली, पुरुषभूमिका करणाऱ्या अभिनेत्री, तसेच मुंबईत भरणाऱ्या कॉमिक कॉनसारख्या मेळाव्यांत चित्रकथांतील पात्रांचा वेश करणारे ‘कॉसप्ले’ कलावंत हेही थोड्या काळापुरता हाच उपाय योजतात. कारणे भिन्न असली तरी शरीराचे नियम सर्वांस सारखेच लागू पडतात.

शरीरात काय घडते ?

श्वास घेताना छातीच्या पोकळीच्या तळाशी असलेला श्वासपटल हा स्नायू खाली सरकतो आणि बरगड्यांच्या बारा जोड्या वर व बाहेर फाकतात. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत घेतो. श्रमाच्या वेळी ही गरज कितीतरी पटींनी वाढते. छाती चहूबाजूंनी जखडली की बरगड्यांना फाकण्यास वाव राहत नाही. श्वास उथळ होतो, खोकून कफ बाहेर काढणे कठीण जाते आणि मानेचे, खांद्याचे व पाठीचे स्नायू जादा ताणाने दुखू लागतात.

या बाबतीत वैद्यकशास्त्राचा स्वतःचा अनुभव बोलका आहे. पूर्वी बरगडी मोडलेल्या रुग्णाची छाती चिकटपट्टीने आवळून बांधण्याची पद्धत होती. दुखणे त्याने कमी होई; परंतु श्वास उथळ राहून फुप्फुसाचा काही भाग मिटून जाई व न्यूमोनियाचा धोका वाढे. म्हणून ही पद्धत सोडून देण्यात आली. जे रुग्णाच्या बाबतीत अपायकारक ठरले ते निरोगी माणसासही दीर्घकाळ निर्धोक असणार नाही.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत छाती बांधणाऱ्या १८०० प्रौढांनी स्वेच्छेने माहिती दिली. त्यांपैकी सुमारे ९७ टक्के व्यक्तींनी किमान एका त्रासाची नोंद केली. पाठदुखी व अंगाची काहिली निम्म्याहून अधिक जणांना, तर छातीत दुखणे व दम लागणे जवळजवळ निम्म्यांना जाणवले होते. आठवड्यातील जितके अधिक दिवस छाती बांधावी तितका त्रास अधिक, असेही दिसून आले. परंतु त्याच पाहणीत अनेकांनी छाती बांधल्याने मनाची घालमेल कमी होते, आत्मविश्वास वाढतो, असेही सांगितले. यावरून “बांधू नका” एवढाच उपदेश पुरेसा नाही, हे उघड आहे. कमीत कमी अपाय कसा होईल, हे सांगणे आवश्यक आहे.

आपल्या परिसरातील विशेष धोका

अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीत टॉवेल व चादरी विणणारे यंत्रमाग मोठ्या संख्येने आहेत. सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांपलीकडे जातो. मागाच्या शेडमध्ये उष्णता, दमटपणा आणि हवेत तरंगणारे सुताचे तंतू यांची भर पडते. पाळी दीर्घ, काम उभ्याने. अशा ठिकाणी घट्ट पट्ट्याखाली घाम साचून पुरळ, नायटा व जखमा होतात आणि उष्माघाताचा धोका वाढतो. सुताच्या धुळीने आधीच छाती भरून येत असेल किंवा दमा असेल, तर छाती बांधून पाळी करणे जिवावर बेतू शकते. अशा कामगारांनी कामाच्या वेळी सैल, गडद रंगाचा सदरा व आत साधी बनियन किंवा खेळाडू वापरतात तशी अंतर्वस्त्रे यांवर भागवावे.

घ्यावयाची दक्षता

१. क्रेप बँडेज, पॅकिंगची चिकटपट्टी, प्लास्टिकचा कागद, ओढणी किंवा पोटाचा पट्टा यांनी छाती कधीही आवळू नये. क्रेप बँडेज हालचालीबरोबर अधिकाधिक आवळत जाते. चिकटपट्टीने कातडी सोलून निघते.

२. याच कामासाठी शिवलेली, मापाची बंडी वापरावी. छातीचा घेर टेपने मोजून माप घ्यावे. अधिक सपाट दिसावे म्हणून लहान माप घेऊ नये व एकावर एक दोन बंड्या घालू नयेत. गणवेश शिवणाऱ्या कारागिरांचे हे शहर आहे. विश्वासू शिंप्याकडून पुढे न ताणणारे व मागे ताणणारे कापड लावून अशी बंडी शिवून घेता येईल.

३. बंडी घातल्यावर दीर्घ श्वास घेता आला पाहिजे आणि कडेखाली दोन बोटे सहज सरकली पाहिजेत.

४. सलग आठ तासांहून अधिक काळ बांधू नये. प्रारंभी दोन-तीन तासच पुरेत. झोपताना, व्यायाम करताना, ओझे उचलताना, ताप-खोकला असताना बांधू नये. आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती द्यावी.

५. बंडी रोज धुवावी, आत पातळ सुती बनियन घालावी. काढल्यावर हात वर करून दीर्घ श्वास घ्यावेत व खोकून कफ मोकळा करावा.

६. वाढीच्या वयातील मुलांनी, तसेच दमा, पाठीच्या कण्याचा वाक किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून बांधू नये.

दम लागणे, दीर्घ श्वासाबरोबर कळ येणे, चक्कर येणे, हातांना मुंग्या येणे किंवा बधिरपणा वाटणे, यांपैकी काहीही घडल्यास बंडी तत्काळ काढावी. डोक्यावरून निघत नसेल तर कात्रीने कापावी. कापडापेक्षा प्राण मोलाचा. त्रास न थांबल्यास त्वरित रुग्णालयात यावे.

रुग्णालयाचे कर्तव्य

डॉक्टरांस खरे कारण समजले नाही, तर दम लागण्याचे निदान भलत्याच दिशेला जाते. म्हणून रुग्णाने संकोच न करता सांगावे आणि रुग्णालयाने ते निर्भयपणे सांगता येईल असे वातावरण ठेवावे. रुग्णास तो सांगेल त्या नावाने हाक मारणे, तपासणी पडद्याआड करणे, एक्स-रे वा ईसीजीपूर्वी बंडी काढण्यास एकांत देणे आणि ही माहिती घरच्यांस वा मालकास त्याच्या संमतीवाचून न देणे, एवढ्याने पुष्कळ साधते. स्तनातील गाठीची तपासणी अशा व्यक्तींसाठीही तितकीच आवश्यक आहे, याचाही विसर पडू नये.

धर्मादाय रुग्णालयाचे दार सर्वांस उघडे असते असे आपण म्हणतो. जो मनुष्य आपले शरीर लोकांपासून लपवून वावरतो, त्यालाही त्या दारातून निःशंकपणे आत येता यावे, यासाठी वाचकांनी ही माहिती गरजूंपर्यंत पोहोचवावी, ही नम्र विनंती.